त्रेचाळीस दाते

४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोहोचल्याचे तुझ्या चिरंजीवाने फोनवर सांगितले. तुझ्याशीच बोलले असते, पण फोनवर तुला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे तू मनाने भरतोस, तेव्हा पत्रच बरे. तू गेल्यापासून घर सुने वाटते आहे. ह्यांना तर गप्पांना माणूस उरले नाही. कालपासून त्यांनी मलाच इंजिन शिकवायला घेतले आहे, आणि त्यांना स्वतःला बॉनेट कुठून उघडते तेही ठाऊक नाही.

आता गाडीचे. तू टायमिंग बेल्ट बदलून गाडी चालू करून दाखवलीस तेव्हा ठीक वाटली होती. तुझ्या बसची वेळ झाली म्हणून फेरी मारून पाहायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौथ्या खेपेला सुरू झाली. उभी असताना हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. मंगळवारी ह्यांना तपासणीला नेले, तर हॉस्पिटलच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तिला दमच नाही. पहिल्यात टाकली तेव्हा कुठे रडतखडत चढली, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आहे आणि पेट्रोलचा वास येतो. जुना पट्टा होता तेव्हा म्हातारी का होईना, चढ चढत होती.

तुझ्या कामात खोट काढते आहे असे समजू नकोस. दर मंगळवारी गाडी लागतेच, म्हणून लिहिले. काय काय बघायचे ते सविस्तर कळव. माझे हात काळे झाले तरी चालतील, हे मी लिहून देते, जपून ठेव. लहानपणी तू ठेवलेल्या नावानेच सही करते, म्हणजे रागावली नाही हे कळेल. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
केरसुणी


९ नोव्हेंबर

चि. केरसुणीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र दोनदा वाचले आणि लगेच खिशात घातले, कारण चिरंजीव समोरच बसला होता. पहिली गोष्ट ही की ह्याविषयी फोन करू नकोस. फोन तो उचलतो.

का, ते तुला मी अर्धवटच सांगितले होते. उन्हाळ्यात मी एका गाडीचे ऑइल बदलले आणि खालचे बूच आवळायचे विसरलो. रस्त्यात सगळे ऑइल गळून इंजिन जाम झाले. चाळीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. चिरंजीवाने भांडण केले नाही. त्याने काउंटरपाशी एक चांगली गादीची खुर्ची आणून ठेवली आणि बाबांनी आता इथे बसून गिऱ्हाइकांशी बोलावे असे म्हणाला. तेव्हापासून माझ्याच गॅरेजात मी पाहुणा आहे. आईचे शेवटी काय झाले ते तू पाहिले आहेस. तुला ती ‘अहो बाई’ म्हणायची आणि मला हे घर कुणाचे म्हणून विचारायची. तिचेही सुरुवातीला गॅस बंद करायचा राहण्यापासूनच सुरू झाले होते. तो हे तोंडाने बोलत नाही, पण त्याच्या मनात तेच आहे. खरे सांगू, माझ्याही मनात तेच आहे.

म्हणून मी त्याच्याशी ठरवून घेतले होते. तुझ्या गाडीचा पट्टा मी एकट्याने बदलायचा, हाताशी कुणी नाही. ते काम बरोबर झाले तर जानेवारीपासून माझी जागा आणि माझे पाने मला परत. चुकले तर खुर्ची कायमची. तुला वाटले दादा भेटायला आला. दादा परीक्षेला बसायला आला होता.

आता नीट वाच आणि सोपे आधी बघ. एअर फिल्टरच्या डब्यापासून निघणारा बोटाएवढा रबरी पाइप मी काढला होता, तो दोन्ही टोकांना घट्ट आहे का ओढून बघ. तो सैल असला तर गाडी अशीच थरथरते. मग प्लगच्या चारही वायरी दाबून बघ, बसल्या की टक् आवाज येतो. खालच्या पुलीजवळ सेन्सरची वायर आहे, ती लोंबत नाही ना? चालू गाडीत पट्ट्याचा चीं चीं आवाज येत असेल तर ताण कमीजास्त आहे. हे सगळे ठीक निघाले तर वरचे प्लॅस्टिकचे झाकण काढ, दोनच बोल्ट आहेत. मेहुण्यांना खालची पुली मोठ्या पान्याने फिरवायला सांग, घड्याळाच्या दिशेने, सावकाश, किल्ली काढून. खालची पांढरी खूण खाचेसमोर आली की वरच्या पुलीची पांढरी खूण तिच्या खाचेसमोर यायला हवी. एका फेरीत आली नाही तर आणखी एक फेरी फिरवावी. त्यांना म्हणावे एवढे केलेत तर तुम्हाला निम्मा मेकॅनिक म्हणून मान्यता देतो.

काय दिसते ते कळव. चढावर तिला दामटू नकोस. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
दादा


१६ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेस त्या क्रमाने सगळे पाहिले. हे टॉर्च घेऊन उभे होते आणि दर दोन मिनिटांनी स्वतःच्याच डोळ्यांवर प्रकाश पाडून घेत होते. रबरी पाइप मी दोन्ही हातांनी ओढून पाहिला, जागचा हलत नाही. चारही वायरी बसलेल्या आहेत. सेन्सरची वायर जागेवर आहे. पट्ट्याचा आवाज अजिबात नाही.

मग झाकण काढले. ह्यांनी पुली फिरवली आणि त्यानंतर दोन दिवस कंबर धरून बसले. दुसऱ्या फेरीला खालची खूण खाचेसमोर आली, आणि वरचीही नेमकी समोर आली. केसाचासुद्धा फरक नाही. तुझे काम चोख आहे असे ह्यांनी मोठ्याने जाहीर केले. पण झाकण लावून गाडी सुरू केली तर तीच थरथर.

दादा, एक सहज विचारते. खूण स्वतःच कधी चुकू शकते का? नसेल तर सोडून दे. मला ह्यातले काय कळते?

ह्यांच्या पायाची सूज थोडी उतरली आहे. गेल्या मंगळवारी शेजाऱ्यांच्या गाडीने गेलो. ते चांगले आहेत, पण दर आठवड्याला कुणाला सांगायचे? खुर्चीचे वाचून फार वाईट वाटले. ती मी येऊन जाळून टाकीन. मनात काही आणू नकोस, प्रकृतीला जप, आणि ह्या बहिणीवर लोभ ठेव.

तुझी,
केरसुणी


२३ नोव्हेंबर

चि. केरसुणीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही खुणा समोरासमोर आहेत आणि गाडी ओढत नाही, म्हणजे काय झाले ते मला कळले आहे. खरे तर त्या दिवशीच कळायला हवे होते. तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही.

जुना पट्टा काढण्याआधी मी दोन्ही पुल्यांवर आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. मग पट्टा काढून वरच्या ठिपक्यापासून खालच्या ठिपक्यापर्यंतचे दाते मोजले. नवा पट्टा चढवला की दोन खुणांमध्ये तेवढेच दाते यायला हवेत, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी डावीकडून मोजले, उजवीकडून मोजले. त्रेचाळीस. मोजले की आकडा खडूने जमिनीवर लिहायचा ही माझी जुनी सवय, तसा तुझ्या पायरीवर लिहिला. मग पाठ भरून आली म्हणून तू म्हणालीस तसा आत जाऊन तासभर पडलो.

परत आलो तेव्हा वरची खूण खाचेपासून जराशी सरकलेली होती. पट्टा काढल्यावर वरची पुली कधीकधी सरकते, म्हणून मी ती फिरवून खूण समोर आणली आणि नवा पट्टा चढवला. दाते मोजले तर बेचाळीस. पायरीकडे पाहिले, तिथे काहीच लिहिलेले नव्हते. जुना पट्टा पुन्हा मोजावा म्हणून शोधला, तर तो कचऱ्यात गेला असे तू म्हणालीस. मी बराच वेळ त्या पायरीकडे बघत उभा होतो. आकडा लिहिल्याचे मला अगदी स्पष्ट आठवत होते, खडूचा करकर आवाजसुद्धा आठवत होता. आईलाही न झालेल्या गोष्टी अशाच स्पष्ट आठवायच्या.

तेव्हा मी ठरवले की खूण खरी आणि माझे डोके खोटे. त्रेचाळीस मी मोजलेच नसतील. हाताने दोन फेऱ्या फिरवल्या, खुणा जुळल्या, आणि तुला गाडी चालू करून दिली. बहुतेक खूण देतानाच माझा हात एक दाता चुकला असावा. एक दाता चुकला की गाडी चालते, पण तू लिहितेस तशी चालते.

जवळच्या कुणा मेकॅनिकला दाखव. त्याला सांग की एक दाता तपास, त्रेचाळीस करून बघ. माझे नाव सांगू नकोस. चिरंजीवाला मी स्वतः सांगेन, पण थोडा वेळ दे. तू लोभ ठेवतेस एवढे मला पुरे आहे.

दादा


२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी! गाडी झाली. वळणावरच्या मेकॅनिकने पाहिली आणि म्हणाला की पट्ट्याचे काम उत्तम आहे, त्याला हात लावायची गरजच नाही. रबरी पाइप सैल होता, तेवढाच. घट्ट केल्याबरोबर दिवा गेला, थरथर गेली, आणि मंगळवारी आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढलो. हे तर हॉर्न वाजवायला मागे कुणी नाही म्हणून हिरमुसले.

तेव्हा दाता-बिता काही चुकलेला नाही. तू पास झालास. खुर्ची चिरंजीवाला दे आणि पाने हातात घे. आईचे नाव उगीच काढू नकोस. कळवण्यासारखे एवढेच, बाकी तुझी माया आहेच.

केरसुणी


२० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्याशी फोनवर बोलायचे तर बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहितो.

तुझे डिसेंबरचे पत्र आले त्या दिवशी बाबांनी मला बोलावून तुझी दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवली. एकात तू पाइप दोन्ही हातांनी ओढून पाहिला, हलत नाही असे लिहिले आहेस. दुसऱ्यात तोच पाइप सैल निघाला. बाबा म्हणाले की बहिणीला खोटे बोलायची सवय नाही, म्हणून ते जमलेले नाही. मग पट्ट्याचा एक दाता चुकला असावा, एवढेच त्यांनी मला सांगितले. मी वळणावरच्या मेकॅनिकचा नंबर शोधून फोन केला. एक दाता चुकला होता, त्याने सरकवून दिला, असे तो म्हणाला. बाबांनी विचारले तेव्हा मला खरे सांगावे लागले.

त्यांनी पान्यांची पेटी स्वतः पुसून माझ्याकडे दिली. मी नको म्हणालो, आत्या. त्यांना परत आणायची माझीही इच्छा होती, हे कुणाला खरे वाटणार नाही. आता ते खुर्चीवर बसतात आणि मोजतात. जिन्याच्या पायऱ्या, फरशा, गोळ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या. मोजून झाले की मला विचारतात, बरोबर आहे का. बरोबरच असते. डॉक्टरांनी तपासले, वयाच्या मानाने सगळे ठीक आहे म्हणाले. बाबा म्हणतात की डॉक्टरांनी पायरी पाहिलेली नाही. ह्याचा अर्थ मला कळत नाही. तुला कळत असला तर कळव.

तू त्यांना सांभाळून घेण्यासाठीच खोटे लिहिलेस हे मला समजते, त्याबद्दल राग नाही. काकांना नमस्कार सांग आणि आमच्यावर लोभ राहू दे.

तुझा भाचा


२७ जानेवारी

ती. दादाच्या चरणी,
सा. न. वि. वि.

पायरीचा अर्थ मला कळतो. सगळ्या जगात फक्त मलाच कळतो, आणि मी तीन महिने तोंड मिटून बसले.

तू आत पडला होतास तेव्हा मी फडके आणि रॉकेल घेऊन बसले. इतक्या वर्षांची काळी मळी, आणि झाकण उघडे. दादा उठून आला की चकचकीत इंजिन बघून चकित होईल असे वाटले. वरची पुली पुसताना तुझा पांढरा ठिपका फडक्यावर आला. रंगाची बाटली तिथेच होती. ठिपका कुठे होता ते मला आठवते आहे असे वाटले, आणि मी तिथे नवा दिला. तो एक दाता बाजूला पडला. त्याआधी पायरी पुसून घेतली होती. तिच्यावर खडूने काहीतरी लिहिले होते. काय ते मी पाहिलेसुद्धा नाही, पुसले. जुना पट्टा कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

तू बाहेर आलास आणि त्या पायरीकडे बघत उभा राहिलास, तेव्हा सांगणार होते. तू ओरडशील म्हणून गप्प बसले असे नाही. तू कधी ओरडला आहेस? तू हसशील, आणि केरसुणीने इंजिन झाडले म्हणून जन्मभर सगळ्यांना सांगत सुटशील, म्हणून. एवढ्याशा कारणासाठी. नंतर तुझे पहिले पत्र आले, परीक्षेचे. तेव्हा ते कारण फार मोठे झाले आणि माझ्याच्याने उचलवेना. पायरीचे आणि आईचे लिहिलेस ते पत्र तर मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचले आणि घडी करून डब्याखाली ठेवले. मला वाटले गाडी नीट झाली की तू विसरशील.

तू गेलास त्या संध्याकाळी मी पट्टा पिशवीतून परत काढला आणि जुन्या कपड्यांच्या खणात तळाशी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कचरा जपून ठेवला. तो पार्सलने पाठवते आहे. दोन्ही पांढरे ठिपके अजून त्याच्यावर आहेत. मी मोजले, दादा, ह्यांनीही मोजले. त्रेचाळीस आहेत. तू बरोबर मोजले होतेस. पायरीवर लिहिलेही होतेस. तुझ्या डोक्याला काहीही झालेले नाही.

भाच्याला हे पत्र दाखव. पाने परत घे. मी येऊन तुझे पाय धरते, तू म्हणशील तेव्हा. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझीच


१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल शुक्रवारी आले. रागावलो नाही असे लिहायला घेतले होते, पण खोटे आता पुरे झाले. रागावलो आहे. रंग पुसलास त्याचा राग नाही, तो कुणाच्याही हातून पुसला गेला असता, आणि तेव्हा सांगितले असतेस तर मी खरेच जन्मभर हसलो असतो. मला आईसारखे होते आहे असे मी तुला लिहिले, आणि ते वाचून तू मला पाइपाची गोष्ट पाठवलीस, त्याचा राग आहे.

चिरंजीवाने तुझे पत्र वाचले आणि पेटी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. सोमवारी पट्ट्याचेच एक काम आले, ते त्याने मला दिले. मी ठिपके दिले, दाते मोजले, आकडा लिहिला. नवा पट्टा चढवून मोजले तर तोच आकडा आला. पुन्हा मोजले, तोच. सहा वेळा मोजले. सहाही वेळा तोच आला आणि सहाही वेळा तो मला खोटा वाटला. गाडीचा मालक दोनदा डोकावून गेला. मग मी बाजूला झालो आणि बाकीचे चिरंजीवाने केले. त्याने सांगितले की माझे काम बरोबर होते. त्याच्यावर माझा विश्वास आहे. पेटी मी त्याला परत दिली.

तुझा पट्टा डावीकडून मोजला, उजवीकडून मोजला. त्रेचाळीस. चिरंजीवालाही मोजायला लावले आणि त्याच्या हाताने तो आकडा माझ्या खुर्चीजवळ फरशीवर लिहून घेतला. रोज सकाळी आलो की आधी तो तिथे आहे का बघतो. असतो. तरी काउंटरच्या खणातून पट्टा काढतो आणि मोजतो.

मेहुण्यांच्या पायाचे कळव. गाडी चढ चढते हे चांगले झाले. लोभ आहे, तो काही तुटणारा नाही. पण येते म्हणतेस, तर इतक्यात येऊ नकोस. तू आलीस की आधी फरशी पुसायला घेशील.

तुझा,
दादा